धडधाकट पोराला बाकावर का बसवायचं?

विल स्मिथ म्हटलं की आपल्याला हॉलिवूड आठवतं. आइस हॉकीच्या जगात मात्र याच नावाचा एक पोरगा आहे, मार्च २००५मध्ये जन्मलेला. २०२३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शार्क्स संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडलं. त्यानंतरचं वर्षभर तो बोस्टन कॉलेजकडून खेळला आणि ४१ सामन्यांत त्याने ७१ गुण मिळवले (गोल केला किंवा दुसऱ्याच्या गोलाला पास दिला की एक गुण). २०२४च्या ऑक्टोबरमध्ये तो एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला. आणि लवकरच, कुठे दुखतखुपत नसतानाही, संघाने त्याला अधूनमधून बाहेर बसवायला सुरुवात केली. सलग दोन रात्री सामने असले तर त्यातल्या एका रात्री हा खेळणार नाही, असं सुरुवातीचं धोरण होतं.

तिकीट काढून आलेल्या माणसाला हे पटणं अवघडच. एकोणीस वर्षांचं पोर, अंगात रग, त्याला कसली आलीय विश्रांती?

या प्रश्नाचं निम्मं उत्तर वेळापत्रकात आहे. अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीत सामने बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी होतात. आठवड्याचे बाकीचे दिवस सराव, जिम आणि झोप यांना मिळतात. एनएचएलमध्ये २०२४-२५च्या मोसमात ऑक्टोबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ८२ सामने होते. म्हणजे आठवड्याला तीन, कधी चार, आणि त्यातले निम्मे परगावी. ज्या मुलाने आदल्या वर्षी ४१ सामने खेळले, त्याच्या वाट्याला एकदम दुप्पट येतात. समोरची माणसंही सरासरी सत्ताविशी-अठ्ठाविशीची आणि नव्वद किलोच्या आसपास वजनाची.

एका सामन्यात शरीराचं काय होतं ते पाहू. खेळाडू एका वेळी साधारण पाऊण मिनिट बर्फावर असतो, मग बाकावर. या पाऊण मिनिटात तो जवळजवळ पूर्ण ताकदीने स्केटिंग करतो, थांबतो, वळतो, धडकतो. बाकावरच्या काही मिनिटांत झटपट ऊर्जा पुरवणारं फॉस्फोक्रिएटिन बऱ्याच अंशी भरून निघतं, म्हणून पुन्हा उतरता येतं. ग्लायकोजेनची गोष्ट वेगळी. स्नायूंमध्ये साठवलेली ही साखर सामना संपेपर्यंत निम्म्यावर येऊ शकते आणि नीट जेवूनखाऊनही ती पूर्ववत व्हायला एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. दुसऱ्याच रात्री पुन्हा सामना असेल तर खेळाडू अर्धवट भरलेल्या स्नायूंनी उतरतो. हे पंचविशीतल्यालाही लागू आहे. फरक पडतो तो पुढच्या मुद्द्यापाशी.

एकोणिसाव्या वर्षी शरीर तयार झालेलं नसतं. उंची बहुधा थांबलेली असते, पण पुरुषांचे स्नायू विशीतही भरत राहतात. पायांची लांब हाडं जुळलेली (म्हणजे टोकांशी असलेली वाढीची कूर्चा हाडात बदलून एकसंध झालेली) असली तरी कंबरेच्या हाडाची वरची कड पूर्ण जुळायला विशी उजाडू शकते आणि कॉलरबोनचं छातीकडचं टोक तर पंचविशीच्या आसपास जुळतं. आपल्याकडे कोवळ्या वयातल्या वेगवान गोलंदाजांच्या पाठीच्या मणक्याला बारीक तडे जातात आणि म्हणून त्यांच्या षटकांवर मर्यादा घालतात, त्यामागेही हाडांचं हेच कच्चेपण आहे.

बरं, ताकद वाढवायची तर वजनं उचलायला हवीत, आणि पायांचा जड व्यायाम केला की स्नायूंना साधारण दोन दिवस द्यावे लागतात. दिवसाआड सामना असलेल्या आठवड्यात हे दोन दिवस आणायचे कुठून? म्हणून मोसम सुरू झाला की बहुतेक खेळाडू आहे ती ताकद टिकवण्यापुरता व्यायाम करतात. तयार गड्याला ते चालतं. ज्याला अजून ताकद कमवायची आहे, त्याचं मात्र अख्खं वर्ष हातचं जातं. स्मिथला बसवण्यामागे संघाचा हिशोब नेमका हा होता. त्या दिवशी त्याने सोफ्यावर लोळणं अपेक्षित नव्हतं, जिममध्ये घाम गाळणं अपेक्षित होतं. ‘विश्रांती’ म्हटल्यामुळे हे फार लाडाचं वाटतं.

जिमने खरंच फरक पडतो का? हॉकीत जांघेचे स्नायू ताणले जाणं ही नेहमीची दुखापत, कारण स्केटिंगच्या प्रत्येक रेट्यात बाहेर फेकलेला पाय मांडीच्या आतल्या स्नायूंना आवरून धरावा लागतो. एनएचएलच्या एका संघावर झालेला आणि २००१मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबतीत डोळे उघडणारा आहे. ज्यांच्या मांडीच्या आतल्या स्नायूंची ताकद बाहेरच्या स्नायूंच्या ८० टक्क्यांहून कमी होती, त्यांना ही दुखापत होण्याची शक्यता १७ पट निघाली. मग अशा कमजोर खेळाडूंकडून मोसमाआधी खास व्यायाम करून घेतला, तेव्हा दर हजार सहभागांमागे (एका खेळाडूने एक सामना खेळला की एक सहभाग) ३.२ असणारं दुखापतींचं प्रमाण ०.७१वर आलं. अभ्यास लहान आहे, एकाच संघाचा आहे. तरी आकडे सहज झटकून टाकण्यासारखे नाहीत.

झोपेचंही गणित आहेच. किशोरवयात शरीराचं घड्याळ मागे सरकतं, झोप उशिरा येते आणि जाग उशिरा येते. एकोणिसाव्या वर्षीही ते पूर्ण पूर्वपदावर आलेलं नसतं. त्यात सामना रात्री दहाला संपणार, मग विमान, मग मध्यरात्रीनंतर हॉटेल. सॅन होजेहून न्यूयॉर्कला गेलं की घड्याळ तीन तास पुढे, आणि पूर्वेकडचा प्रवास शरीराला जास्त जड जातो. ग्रोथ हार्मोनचा मोठा हिस्सा गाढ झोपेत स्रवतो. झोप कापली की व्यायामाचं चीजही कमी होतं.

आता दुसरी बाजू. बास्केटबॉलमध्ये खेळाडूंना असं राखून ठेवण्याचं प्रमाण इतकं वाढलं, की एनबीए या अमेरिकी लीगने मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट घातली. २०२४च्या जानेवारीत त्याच लीगने प्रसिद्ध केलेल्या अहवालात, सामने चुकवल्याने पुढच्या दुखापती कमी होतात असं काही आढळलं नाही. अर्थात लीगला तारे मैदानात हवे असतात, हे वाचताना लक्षात ठेवावं. पण मला तो निष्कर्ष पटण्यासारखा वाटतो. नुसता सामना वगळून काय साधणार? मोकळ्या झालेल्या दोन दिवसांत काय केलं, यावर सगळं अवलंबून आहे.

स्मिथने पहिल्या मोसमात ७४ सामने खेळून ४५ गुण मिळवले. सुरुवात रखडत झाली, पुढे खेळ खुलला. यात विश्रांतीचा वाटा किती, हे एका उदाहरणावरून कुणीच सांगू शकणार नाही. गंमत म्हणजे त्या वर्षी तो पॅट्रिक मार्लोच्या घरी राहत होता. मार्लोही १९९७मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी याच संघात आला, पहिल्या मोसमात तोही ७४च सामने खेळला, आणि निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १,७७९ सामने होते. एनएचएलमध्ये इतके सामने दुसरं कुणीही खेळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र शार्क्सच्या कौतुकात वाहून जाण्याआधी सांगायला हवी. २०२४-२५च्या मोसमात हा संघ ३२ संघांत शेवटचा आला. गमावण्यासारखं फारसं नसताना पोराला घडवायला सवड काढणं सोपं असतं. प्लेऑफसाठी एकेका गुणाची मारामार चालू असताना, मार्चमधल्या सलग दुसऱ्या सामन्याच्या सकाळी, हाच सल्ला एखाद्या प्रशिक्षकाला देऊन बघा.