नाशिकची चित्रे जहांगीरला का जातात?

नाशिकच्या चित्रकाराने गावात कितीही प्रदर्शने भरवली, तरी नातेवाईक विचारतातच, ‘जहांगीरला कधी?’ म्हणजे मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत. शिवाजी तुपे यांच्यासारख्या निसर्गचित्रकारांमुळे गोदाघाट आणि नारोशंकराचे देऊळ जलरंगांत घरोघरी ओळखीचे झाले. पण मोहोर मुंबईचीच लागते. हा कल जुना आहे. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके चित्रकला शिकायला १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. सिनेमाचा कारखाना त्यांनी पुढे नाशिकला आणला हे खरे, पण चित्र शिकायचे तर मुंबईच.

शिकायला जे. जे. होते १८५७ पासून. चित्रे दाखवायला मात्र कायमची जागा नव्हती. १८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी वार्षिक प्रदर्शन भरवायची, त्यात निवड झाली तर ठीक. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे या मंडळींनी १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा कलाकारांचा गट काढला आणि १९४९ मध्ये प्रदर्शन केले, तेही सोसायटीच्या रॅम्पार्ट रो वरच्या दालनात. चित्रकार वाढत होते, भिंती तेवढ्याच होत्या.

ही अडचण के. के. हेब्बर आणि होमी भाभा यांनी दानशूर पारशी गृहस्थ सर कावसजी जहांगीर यांच्यापुढे मांडली. भाभा अणुशास्त्रज्ञ खरे, पण स्वतः चित्रे काढायचे आणि आपल्या संस्थेसाठी तरुणांची चित्रे विकतही घ्यायचे, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. कावसजींनी अकाली गेलेल्या मुलाच्या, जहांगीरच्या, स्मरणार्थ पैसे दिले. दुर्गा बाजपेयींनी इमारतीचा आराखडा केला, आणि जानेवारी १९५२ मध्ये मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते उद्घाटन झाले. दारावरचे पुढे झेपावलेले काँक्रीटचे छप्पर तेव्हा नवलाईचे होते. शेजारच्या वस्तुसंग्रहालयाच्या घुमटापुढे ते आजही थोडे उद्धट वाटते, आणि मला तेच आवडते.

नाशिकहून पहिल्यांदा जाणाऱ्याचा इथे गोंधळ होतो. थोरामोठ्यांची जुनी चित्रे कायम टांगलेली असतील, अशी त्याची समजूत असते. जहांगीर म्हणजे भाड्याने मिळणारी दालने. मंगळवार ते सोमवार एकाचे प्रदर्शन, पुढच्या मंगळवारी भिंती दुसऱ्याच्या. निवड होऊन तारीख मिळेपर्यंत काही वर्षे जातात. पाहणाऱ्याला तिकीट नाही. कॉलेजची पोरे, फोर्टातले कारकून, चित्र विकत घेणारे शेठजी, सगळे एकाच दारातून आत येतात. नातेवाइकांच्या त्या प्रश्नाचे मूळ मला इथे दिसते: ओळखीचा नसलेला माणूस आत येऊन चित्रासमोर थांबतो, हे गावातल्या प्रदर्शनात क्वचितच घडते.

बाकीचा गोतावळा हळूहळू जमला. १९६३ मध्ये केकू गांधींनी वरच्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. १९६४ मध्ये उषा खन्नांचे समोवार हे कॅफे आले. चहासोबत चित्रांवर वाद घालायची ती जागा २०१५ मध्ये बंद झाली. चौकाला नाव देणारा काळा घोडा, म्हणजे घोड्यावरचा पुतळा, तर १९६५ मध्येच राणीच्या बागेत गेला होता.

कायमचा संग्रह ठेवणारी सरकारी राष्ट्रीय आधुनिक कला दालन ही संस्था रस्त्याच्या पलीकडे आहे, आणि तिचे घरही जहांगीर घराण्याच्याच नावाचे. १९११ चा कावसजी जहांगीर हॉल सभा, मैफली, मुष्टियुद्धाच्या लढती असे सगळे पाहून झाल्यावर १९९६ मध्ये चित्रांचा झाला. तिथे तिकीट लागते आणि सोमवारी सुट्टी असते. जहांगीरला सोमवार म्हणजे प्रदर्शनाचा शेवटचा दिवस, दुपारनंतर चित्रे उतरवायची घाई. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघून दोन्ही पाहायची असतील तर सोमवार टाळलेला बरा.