व्हॉइस मेलचा कारभार पाहणारी स्क्रीन : ऑडिक्सची पार्श्वभूमी

एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीची ऑडिक्स ही व्हॉइस मेल प्रणाली, म्हणजे फोनवरचे बोललेले निरोप साठवणारी यंत्रणा, वापरणाऱ्या कर्मचाऱ्याला केवळ आवाजातून भेटत असे. फोन उचलायचा, एक्स्टेन्शन क्रमांक आणि पासवर्ड दाबायचा आणि निरोप ऐकायचा, एवढाच त्याचा व्यवहार. तीच प्रणाली सांभाळणाऱ्या व्यवस्थापकापुढे मात्र अक्षरांनी भरलेली स्क्रीन होती. तिच्यात चित्रे नव्हती, माउस नव्हता, आज्ञा टाइप करण्यासाठी एक ओळ आणि तळाशी फंक्शन कळांची नावे होती. ही स्क्रीन अशी का घडली, हे समजण्यासाठी व्हॉइस मेलच्या इतिहासाइतकाच टेलिफोन एक्स्चेंजच्या खोलीचा इतिहासही पाहावा लागतो.

निरोप संगणकावर साठवण्याची कल्पना १९७० च्या दशकातली आहे. आयबीएममध्ये स्टीफन बॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दशकात स्पीच फायलिंग सिस्टिम विकसित केली. टेक्ससमधील गॉर्डन मॅथ्यूज यांनी १९७९ मध्ये आपल्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो १९८३ मध्ये मंजूर झाला आणि त्यांच्या व्हीएमएक्स कंपनीला थ्रीएम ही पहिली मोठी ग्राहक मिळाली. एटी अँड टीची वाट अधिक अवघड होती, कारण अमेरिकेच्या दळणवळण आयोगाच्या १९८० च्या निर्णयानुसार निरोप साठवण्यासारख्या सेवा मूळ टेलिफोन सेवेपासून वेगळ्या धरल्या गेल्या. त्यामुळे सार्वजनिक एक्स्चेंजमधून घरोघरी निरोपसेवा देण्याचा कंपनीचा बेत अडला. कार्यालयातल्या खाजगी एक्स्चेंजला, म्हणजे आपण ज्याला ईपीएबीएक्स म्हणतो त्याला जोडायची वेगळी यंत्रणा हा मार्ग खुला होता आणि ऑडिक्स त्या मार्गाने आली.

एक्स्चेंजला जोडल्यामुळे व्हॉइस मेलचा कारभार आपसूकच टेलिफोन विभागाच्या माणसांकडे गेला. त्या माणसांच्या हाताशी टर्मिनल, म्हणजे दूरच्या यंत्राशी जोडलेली स्क्रीन आणि कीबोर्ड, होते आणि टर्मिनलचे व्याकरण त्यांना पाठ होते. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलने २४ ओळी आणि ८० रकाने हे माप रूढ केले होते, आणि यंत्रापर्यंतची वाट आरएस-२३२ ची सीरियल तार किंवा मोडेम हीच होती. ही वाट किती अरुंद होती, हे साध्या हिशेबातून कळते. पूर्ण भरलेल्या स्क्रीनवर १,९२० अक्षरे मावतात. १२०० बॉडच्या (बॉड म्हणजे तारेवरून माहिती जाण्याच्या वेगाचे माप) मोडेमवरून सेकंदाला सुमारे १२० अक्षरे जातात, म्हणजे एक स्क्रीन भरायला १६ सेकंद लागतात. ९६०० बॉडच्या थेट तारेवर हेच काम दोन सेकंदांत होते. अशा वाटेवर प्रत्येक छोट्या कृतीसाठी नवी स्क्रीन मागवणे परवडणारे नव्हते. म्हणून एकाच स्क्रीनवर पूर्ण फॉर्म दाखवायचा, टॅबने रकान्यांतून फिरायचे, हवे ते सगळे बदल करायचे आणि शेवटी एकदाच पाठवायचे, ही रीत सोयीची ठरली. तिच्यामागे तारेच्या क्षमतेचा रोकडा हिशेब आहे, आणि जुन्या स्क्रीनला केवळ मागास म्हणून मोडीत काढणारे नेमके तेच विसरतात.

एटी अँड टीच्या १९८४ च्या सिस्टिम ७५ एक्स्चेंजवर आणि तिच्या पुढच्या डेफिनिटी मालिकेत आज्ञा क्रियापद, विषय आणि क्रमांक या क्रमाने दिली जाई. एखाद्या फोनची नोंद बदलायची असेल तर ‘चेंज स्टेशन’ लिहून पुढे त्याचा क्रमांक द्यायचा. डेफिनिटीच्या कॅबिनेटमध्येच बसवता येणारी डेफिनिटी ऑडिक्स आली, तेव्हा तिथेही हेच व्याकरण दिसू लागले. फोनच्या जागी सबस्क्रायबर, म्हणजे मेलबॉक्सचा धारक, आला, एवढाच काय तो फरक. माझ्या मते ऑडिक्सच्या आयुष्यातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. एक्स्चेंज सांभाळणाऱ्या माणसाला दुसरी भाषा शिकावी लागली नाही.

एक नेहमीचे काम पाहू. चुकीचा पासवर्ड वारंवार दाबल्यामुळे ५१२३ या एक्स्टेन्शनचा मेलबॉक्स बंद पडला आहे. व्यवस्थापक आज्ञेच्या ओळीवर ‘चेंज सबस्क्रायबर ५१२३’ लिहितो. सराव असेल तर ‘सीएच एसयू’ एवढ्या अक्षरांवरही भागते, कारण अर्थ एकच निघत असेल तर प्रणाली संक्षेप मान्य करते. समोर फॉर्म उघडतो. त्यात नाव, एक्स्टेन्शन, सेवेचा वर्ग, कम्युनिटी क्रमांक, कव्हरिंग एक्स्टेन्शन असे रकाने असतात आणि त्यांतच ‘लॉक्ड’ हा रकाना असतो. तिथल्या ‘वाय’च्या जागी ‘एन’ टाइप करून तळाशी ‘एंटर’ असे नाव असलेली तिसरी फंक्शन कळ दाबली की बदल नोंदला जातो. पहिली कळ काहीही न बदलता बाहेर काढते, पाचवी मदत देते. सहावी, ‘चॉइसेस’ नावाची, त्या रकान्यात कोणती मूल्ये चालतात ते दाखवते. नवख्या माणसाला आधार देणारी हीच कळ होती, कारण तिच्यामुळे जाडजूड पुस्तिका दरवेळी उघडावी लागत नसे.

सगळ्यांनी हीच दिशा धरली नाही. नॉर्दर्न टेलिकॉम कंपनीच्या मेरिडियन मेल या व्हॉइस मेल प्रणालीमध्ये मेनू होते. क्रमांक निवडत एकेक पायरी खाली जायचे आणि स्क्रीनच्या तळाशी ज्यांची नावे बदलत जातात अशा कळांनी, म्हणजे सॉफ्टकीजनी, काम उरकायचे. शिकायला ते सोपे, पण रोज तेच काम करणाऱ्याला आज्ञेची ओळ अधिक वेगवान वाटते.

दुरून मोडेमने आत येता येणे ही मोठी सोय होती आणि मोठा धोकाही. मूळ पासवर्ड न बदललेली यंत्रणा कोणाच्याही हाती लागू शके. व्हॉइस मेलमधून बाहेरची लाइन मिळवून दुसऱ्याच्या खर्चाने दूरचे फोन करण्याचे गैरप्रकारही होत. म्हणूनच ऑडिक्सच्या प्रणालीव्यापी फॉर्मवर कॉल ट्रान्सफरचा प्रकार ठरवणारा रकाना होता. तो ‘एन्हान्स्ड’ प्रकारावर ठेवला की दाबलेला क्रमांक खरे एक्स्टेन्शन आहे का, हे तपासूनच कॉल पुढे जाई. एका रकान्यातल्या एका शब्दावर कंपनीचे टेलिफोन बिल अवलंबून असू शकते, ही जाणीव व्यवस्थापकाने सतत ठेवावी लागे.

१९९६ मध्ये एटी अँड टीपासून ल्यूसंट वेगळी झाली, तिने १९९७ मध्ये ऑक्टेल ही व्हॉइस मेलमधली मोठी प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये हा सारा व्यवसाय ल्यूसंटमधून वेगळ्या झालेल्या अव्हाया कंपनीकडे गेला. भारतात ही उत्पादने टाटा टेलिकॉममार्फत येत. ती कंपनी पुढे अव्हाया ग्लोबलकनेक्ट झाली. दरम्यान युनिक्सवर चालणाऱ्या इंट्युइटी ऑडिक्सने आज्ञांची तीच पद्धत चालू ठेवली, आणि मॉड्युलर मेसेजिंग या नंतरच्या प्रणालीपासून व्यवस्थापन वेब पानांकडे वळले. एक्स्चेंजच्या बाजूला मात्र जुनी रीत टिकून आहे. अव्हायाच्या कम्युनिकेशन मॅनेजर या एक्स्चेंज सॉफ्टवेअरमध्ये एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षित जोडणीने, शिरल्यावर प्रणाली आधी टर्मिनलचा प्रकार विचारते. उत्तरांच्या यादीत व्हीटी२२० असते आणि त्याच्या जोडीला एटी अँड टीचे जुने ५१३ हे टर्मिनलही असते.