प्राण्यांचे दूरपल्ल्याचे स्थलांतर

प्राण्यांनी ठरावीक काळाने एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाणे आणि बहुधा पुन्हा मूळ जागी परतणे, याला स्थलांतर म्हणतात. या व्याख्येत ‘ठरावीक’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण नुसते खूप चालणे म्हणजे स्थलांतर नव्हे. मंगोलियात गळपट्टा बांधून माग ठेवलेला एक करडा लांडगा वर्षभरात एकूण 7,247 किमी चालला, पण ती भक्ष्यामागची भटकंती होती. उत्तर अमेरिकेतले कॅरिबूंचे (तिथल्या रेनडिअरांचे) काही कळप मात्र हिवाळी मुक्काम आणि विणीची जागा यांच्यात दरवर्षी ये-जा करतात. हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी जाऊन-येऊन 1,350 किमीच्या आसपास भरते. जमिनीवरून होणाऱ्या स्थलांतरांपैकी हे माहितीतले सर्वांत लांबचे.

पक्षी हिवाळ्यात जातात कुठे, हे कोडे माणसाला फार दिवस सुटले नव्हते. काही पक्षी ऋतू बदलला की दुसऱ्याच जातीत बदलतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले होते. पाकोळ्या तळ्याच्या गाळात झोपतात, ही समजूत तर अठराव्या शतकापर्यंत टिकली. सतराव्या शतकात एका इंग्रज पाद्र्याने पक्ष्यांना थेट चंद्रावर पाठवले होते. 1822 मध्ये उत्तर जर्मनीतल्या क्ल्युट्झ गावाजवळ एक पांढरा करकोचा मारला गेला. त्याच्या मानेतून लाकडी भाला आरपार गेलेला होता, आणि भाल्याची घडण आफ्रिकेतली होती. मानेत भाला घेऊन तो भूमध्य समुद्रापलीकडून परत आला होता! पेंढा भरलेला तो करकोचा आजही रोस्टॉक विद्यापीठात आहे. पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो 1899 मध्ये. त्या वर्षी मॉर्टेन्सेन या डॅनिश शिक्षकाने स्टार्लिंग या मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली. पुढे रेडिओ आणि उपग्रह ट्रान्समीटर आले, आणि लहान पक्ष्यांसाठी प्रकाशाच्या नोंदीवरून ठिकाण ठरवणारी जेमतेम ग्रॅमभर वजनाची यंत्रे आली. याच यंत्रांमुळे 2010 मध्ये कळले की शंभरेक ग्रॅमचा आर्क्टिक सुरय हा समुद्रपक्षी ग्रीनलंडहून अंटार्क्टिकाच्या समुद्रापर्यंत जाऊन परत येताना सरासरी 70,900 किमी उडतो.

इतका खटाटोप कशासाठी? ढोबळ उत्तर अन्न आणि वीण हे आहे. ध्रुवाकडच्या उन्हाळ्यात दिवस लांब असतात, कीटकांचा सुकाळ असतो आणि पिल्ले झपाट्याने वाढतात, पण हिवाळ्यात तिथे तग धरणे कठीण होते. उष्ण प्रदेशात थंडीऐवजी पाऊस वेळापत्रक ठरवतो. पूर्व आफ्रिकेच्या सेरेंगेटी मैदानांतले बारा-तेरा लाख विल्डबीस्ट हे कुरंग पावसामागून उगवणाऱ्या गवताचा माग काढत वर्षभर मोठे वर्तुळ पुरे करतात. विणीला ते आग्नेयेकडच्या आखूड गवताच्या मैदानांवर येतात. तिथल्या ज्वालामुखीच्या राखेच्या मातीत उगवणाऱ्या गवतात खनिजे भरपूर असतात आणि पाजणाऱ्या माद्यांना ती हवीच असतात. छायाचित्रांत हमखास दिसणाऱ्या मगरी मात्र या कथेतला किरकोळ भाग आहेत. मारा नदी ओलांडताना वर्षाला सरासरी सहा हजारांवर विल्डबीस्ट मरतात, त्यांतले बहुतेक बुडून किंवा चेंगराचेंगरीत. त्यांच्या मांसावर गिधाडे आणि मासे जगतात, आणि हाडांतला फॉस्फरस पुढची कित्येक वर्षे नदीत झिरपत राहतो.

लांबच्या प्रवासासाठी शरीर आधीपासून तयार होऊ लागते. दिवसाची लांबी बदलली की संप्रेरके बदलतात, पक्षी अधाशासारखे खाऊ लागतात, आणि पिंजऱ्यातला पक्षीसुद्धा रात्री-रात्री अस्वस्थ होऊन पंख फडफडवतो. या तयारीची कमाल पाहावी ती बार-टेल्ड गॉडविट या चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यात. निघण्यापूर्वी त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग चरबीचा होतो. वाटेत खायचे नसल्याने जठर, आतडी यांसारखे अवयव आक्रसतात, म्हणजे तेवढेच ओझे कमी. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पाच महिन्यांचे एक पिल्लू अलास्काहून निघाले ते अकरा दिवसांनी थेट टास्मानियात उतरले. त्याने 13,560 किमी अंतर एकदाही न थांबता कापले. वाटेत पॅसिफिक महासागर होता, आणि हा पक्षी पाण्यावर बसून विसावा घेणारा नाही.

यातला खरा अचंबा अंतराचा नाही. प्रौढ गॉडविट बहुधा पिल्लांच्या आधी निघून जातात. मग पिल्लाला वाट कोण सांगते? स्थलांतराच्या अभ्यासातला हा मध्यवर्ती प्रश्न आहे: वाटेची माहिती साठवलेली असते कुठे?

याचा एक धागा 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच संशोधक पर्डेक यांच्या प्रयोगात सापडतो. त्यांनी नेदरलँड्समधून जाणारे अकरा हजारांवर स्टार्लिंग पकडले, कडी घातली आणि विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. आधी एकदा प्रवास केलेल्या प्रौढ पक्ष्यांनी दिशा बदलली आणि ते उत्तर फ्रान्स व दक्षिण इंग्लंड या नेहमीच्या मुक्कामाकडे वळले. पहिल्याच फेरीवर निघालेली पिल्ले मात्र ठरलेल्या नैर्ऋत्येलाच उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स व स्पेनमध्ये पोहोचली. पिल्लांना दिशा उपजत होती, मुक्कामाचे ठिकाण ठाऊक नव्हते. नकाशा अनुभवातून येतो.

दिशा धरण्याची साधने एकाहून अधिक असतात: सूर्य, तारे, पृथ्वीचे चुंबकक्षेत्र, आणि सॅमनसारख्या माशांच्या बाबतीत जन्मनदीचा वास. अमेरिकी संशोधक एम्लेन यांनी इंडिगो बंटिंग या पक्ष्याची पिल्ले तारांगणात वाढवली आणि तिथले आकाश ध्रुवताऱ्याऐवजी मृग नक्षत्रातल्या काक्षी या ताऱ्याभोवती फिरवले. हिवाळा जवळ आल्यावर ती पिल्ले काक्षीलाच उत्तर समजून त्याच्याकडे पाठ करून निघू पाहू लागली. म्हणजे ताऱ्यांचे चित्र ती जन्मतः घेऊन येत नाहीत. आकाश कशाभोवती फिरते तेवढे लहानपणी पाहून ठेवतात. युरोपीय रॉबिनला चुंबकीय दिशा कळते, हे जर्मन संशोधक विल्ट्श्को यांनी 1960 च्या दशकात दाखवले. त्यासाठी डोळ्यातले क्रिप्टोक्रोम हे प्रकाशग्राही प्रथिन कामी येत असावे, असे मानले जाते.

काही जातींत एकच प्रवासी पूर्ण फेरी करत नाही. अर्ध्या ग्रॅमचे मोनार्क फुलपाखरू शरदात कॅनडा आणि अमेरिकेच्या पूर्व भागातून मध्य मेक्सिकोच्या डोंगरांतल्या ओयामेल वृक्षांवर येते. वसंतात ते परत निघते खरे, पण अंडी घालून वाटेतच मरते. उत्तरेकडचा उरलेला प्रवास पुढच्या तीन-चार पिढ्या टप्प्याटप्प्याने करतात. शरदात पुन्हा त्याच डोंगरांवर येणारे फुलपाखरू आदल्या वर्षीच्या पाहुण्यांचे पणतू किंवा खापरपणतू असते.

मोठ्या शाकाहारी सस्तन प्राण्यांत मात्र वाट बरीचशी शिकलेली असते. अमेरिकेच्या पश्चिम भागात नामशेष झालेले बिगहॉर्न मेंढ्यांचे कळप दुसरीकडून आणून पुन्हा वसवले गेले. जुन्या कळपांतल्या बहुतेक मेंढ्या वसंतात चढत जाणाऱ्या कोवळ्या हिरवळीमागे डोंगर चढतात. नव्या जागी सोडलेल्यांपैकी दहातली जेमतेम एक स्थलांतर करू लागली. कळपातल्या बहुतेकींना ते अंगवळणी पडायला सुमारे चाळीस वर्षे लागली, आणि मूस हरणांना नव्वदच्या आसपास. ही माहिती आईमागे चालणाऱ्या पिल्लांतून पुढे जाते. त्यामुळे कळप मारला की त्याची वाटही जाते.

स्थलांतराचा अवघड भाग हाच, की लांबलचक साखळीतली एक कडी तुटली तरी सगळा प्रवास कोलमडतो. रशिया-चीनकडून दक्षिण आफ्रिकेकडे जाणारे अमूर ससाणे अरबी समुद्र ओलांडण्याआधी नागालँडमधल्या दोयांग जलाशयापाशी लाखोंनी थांबतात आणि वाळवी खाऊन तयारी करतात. 2012 मध्ये तिथे जाळी लावून त्यांची प्रचंड शिकार झाली. पुढच्याच हंगामात गावकऱ्यांनी ती बंद केली. वन्य प्राण्यांच्या स्थलांतरी जातींसाठी 1979 मध्ये बॉन येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. करारात नोंदवलेल्या जातींपैकी 44 टक्क्यांची संख्या घटते आहे, असे 2024 चा अहवाल सांगतो. अधिवास नष्ट होणे आणि अतिशिकार ही त्याची मोठी कारणे. धरणे, रस्ते, रात्रीचे दिवे आणि कुंपणे त्यांत भर घालतात.

कुंपणाचे एक उदाहरण वेगळ्या वळणाचे आहे. बोट्स्वानात गुरांचे रोग पसरू नयेत म्हणून 1968 मध्ये घातलेल्या कुंपणाने ओकाव्हांगो नदीचा त्रिभुज प्रदेश आणि मकगडिकगडीची मिठागरे यांच्यातली झेब्र्यांची वाट अडवली. 2004 मध्ये ते कुंपण काढले. चारेक वर्षांतच गळपट्टे बांधलेले झेब्रे ती वाट चालताना दिसले. जुनी वाट चाललेला एकही झेब्रा तोवर जिवंत असणे शक्य नव्हते. त्यांनी ती पाऊस आणि गवत यांच्या मागे जाऊन नव्याने शोधली असावी.