परस्पर-सूचना (बालछळ व प्राणिक्रौर्य)

बालछळाची चौकशी करताना प्राण्याच्या छळाचा, किंवा प्राणिक्रौर्याचा तपास करताना मुलाच्या छळाचा संशय आल्यास संबंधित यंत्रणेला कळविण्याची कायदेशीर तरतूद. ती मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळते.

या कल्पनेचे मूळ बहुधा न्यूयॉर्कमधील मेरी एलन विल्सन प्रकरणात (१८७४) शोधले जाते. पालनकर्त्या स्त्रीकडून मार खाणाऱ्या सुमारे दहा वर्षांच्या या मुलीची हकिकत एटा व्हीलर या मिशन कार्यकर्तीने हेन्री बर्ग यांना सांगितली. बर्ग हे प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्थेचे (स्थापना १८६६) संस्थापक. मुलांसाठी कायदाच नव्हता, म्हणून ‘मूल हाही एक प्राणीच’ असा युक्तिवाद करून प्राणिक्रौर्याच्या कायद्याने तिला सोडविले, अशी कथा लोकप्रिय लेखनात, क्वचित पाठ्यपुस्तकांतही, येते. तिला आधार कच्चा आहे. बर्ग यांनी आपण खासगी नागरिक म्हणून आलो असल्याचे न्यायालयात स्पष्ट केले होते. वकील एल्ब्रिज गेरी यांनी मुलीला न्यायालयापुढे हजर करविले ते देहोपस्थितीविषयक कायद्याच्या (हेबियस कॉर्पस: व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश) आधारे. आणि पालनकर्त्या स्त्रीला एक वर्षाची शिक्षा झाली ती हल्ल्याच्या गुन्ह्यासाठी. त्यामुळे प्राणिक्रौर्याच्या कायद्यापेक्षा व्हीलर, बर्ग व गेरी या कार्यकर्त्यांच्या साखळीला महत्त्व देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच वर्षाच्या अखेरीस गेरी, बर्ग आदींनी बालक्रौर्य प्रतिबंधक संस्था काढली. पुढे दोन्ही कामांच्या यंत्रणा वेगळ्या झाल्या.

बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प व सहकाऱ्यांच्या मारहाण झालेल्या मुलांविषयीच्या १९६२ मधील लेखानंतर काही वर्षांतच अमेरिकेतील सर्व राज्यांनी बालछळाची सूचना देणे डॉक्टर आदी व्यावसायिकांना सक्तीचे केले. प्राणी त्यात नव्हते. न्यू जर्सीतील १९८३ च्या पाहणीत बालछळासाठी नोंद झालेल्या ५३ कुटुंबांपैकी सुमारे ६० टक्क्यांत पाळीव प्राण्यांचाही छळ आढळला. शारीरिक छळाच्या प्रकरणांत हे प्रमाण ८८ टक्के होते. हे आकडे सतत उद्धृत होतात. मात्र नमुना लहान असल्याने ते जपूनच वापरावे लागतात.

तरतुदी एकसारख्या नाहीत. कॅलिफोर्नियात प्राणि-नियंत्रण अधिकाऱ्यांवर बालछळ कळविण्याचे बंधन आहे. उलट दिशेने मात्र बालसंरक्षण कर्मचाऱ्यांना केवळ मुभा आहे. फ्लोरिडाच्या २०२१ च्या कायद्यात दोन्ही बाजूंना बंधन आहे. ओहायोनेही त्याच सुमारास पशुवैद्यांना प्राणिछळाची सूचना देण्याच्या बंधनाखाली आणले.

भारतात लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) च्या कलम १९ नुसार अपराधाची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना वा विशेष बाल पोलीस पथकाला देणे आवश्यक आहे. प्राणिमित्र वा पशुवैद्य यास अपवाद नाहीत. न दिल्यास कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० मध्ये असे सूचनेचे सर्वसाधारण बंधन नाही; त्यातील कलम ११ खालील पहिल्या अपराधाचा दंड १० ते ५० रुपये आहे.