फिटिंगच्या जॉबची दीडशे वर्षं

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप सहसा कुणाला चुकत नाही. कॉम्प्युटरला प्रवेश घेतलेली मुलगीसुद्धा व्हाइसमध्ये, म्हणजे घट्ट आवळणाऱ्या पकडीत, लोखंडाची पट्टी धरून कानस चालवते, काटकोन साधला का ते पाहते आणि जॉब, म्हणजे सरावासाठी घडवलेली वस्तू, दाखवायला नेते. सुतारकाम, फिटिंग (धातूचे भाग कानसून जुळवणं), लोहारकाम यांचे वेगळे विभाग आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारे ठरलेले जॉब, ही पद्धत शिस्तीत बांधली गेली ती मॉस्कोमध्ये.

तिथल्या इंपीरियल टेक्निकल स्कूलच्या कारखान्यात बाहेरच्या ऑर्डरी घेतल्या जात. त्या पुऱ्या करता करता मुलं जमेल तसं शिकत. संचालक व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी 1868 मध्ये शिकण्याचं वर्कशॉप आणि उत्पादनाचं वर्कशॉप वेगळं केलं. प्रत्येक कसबातल्या मूळ क्रिया सुट्या काढून त्यांचा क्रम लावला. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची जागा, स्वतःची हत्यारं. हातातला जॉब नीट झाल्याशिवाय पुढचा नाही. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं उमेदवारी करून मिळणारं कसब अभ्यासक्रमात बसवता येतं, हे त्यांनी करून दाखवलं. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं पाऊल वाटतं.

1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हे जॉब मांडले होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अध्यक्ष जॉन रंकल ते पाहून इतके भारावले की त्यांनी आपल्या संस्थेत तशी वर्कशॉप उभारायला घेतली.

प्रयोगशाळेची वाट वेगळी. रेल्वे आणि पुलांच्या काळात लोखंड किती ताण सोसेल याबद्दल बराचसा अंदाजच असे. डेव्हिड कर्कल्डी यांनी 1860 च्या दशकात लंडनमध्ये स्वतः आखलेलं प्रचंड चाचणीयंत्र बसवलं आणि नमुने ओढून, दाबून, तोडून आकडे द्यायला सुरुवात केली. 1879 च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल गाडीसकट कोसळला, तेव्हा त्याचे तुकडेही त्यांच्याकडेच तपासले गेले. त्याआधी वर्षभर, 1878 मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अलेक्झांडर केनेडी यांनी अशी तपासणी विद्यार्थ्यांच्या हाती दिली होती. आज आपल्याकडे यूटीएमवर, म्हणजे ओढून-दाबून तपासणाऱ्या यंत्रावर, सळई तोडून जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) आलेख काढतात, तो प्रयोग याच परंपरेतला. हातात तुटलेली सळई असते तेव्हा पुस्तकातला आकडा खरा वाटू लागतो. म्हणून हे प्रात्यक्षिक लांब उभं राहून बघण्यावर भागवू नये.

आपल्याकडची सुरुवात सरकारी गरजेतून झाली. पुण्यात 1854 मध्ये निघालेल्या शाळेचं नावच ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ होतं. बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती. तीच संस्था पुढे सीओईपी झाली आणि 2022 मध्ये विद्यापीठ. मुंबईत 1887 मध्ये स्थापन झालेल्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेमागे कापड गिरण्यांची गरज होती. आयआयटी मुंबईचे वर्ग 1958 मध्ये वरळीत तात्पुरत्या जागेत भरले, तेव्हा पवईच्या प्रयोगशाळांसाठी यंत्रं आणि तज्ज्ञ युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियातून आले.

रंकल यांच्याच संस्थेत 1998 मध्ये नील गेर्शनफेल्ड यांनी ‘जवळपास काहीही’ बनवायला शिकवणारा वर्ग सुरू केला. त्यात निरनिराळ्या शाखांची मुलं एकाच खोलीत संगणकावर चालणारी यंत्रं वापरू लागली. डेला-व्हॉसनी कसबांच्या विभागांमध्ये उभारलेल्या भिंती इथे पाडल्या गेल्या. या वर्गातून फॅब लॅबची, म्हणजे अशा यंत्रांवर कुणालाही वस्तू बनवता येतील अशा छोट्या वर्कशॉपची, कल्पना निघाली आणि अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक 2002 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, विज्ञान आश्रमात उभी राहिली. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये हा आश्रम काढला तो शाळा अर्धवट सुटलेल्या खेड्यातल्या मुलांसाठी, हातांनी काम करत शिकण्यासाठी. त्यामुळे यंत्रं आली तेव्हा तिथे वेल्डिंग, सुतारकाम आणि शेतीची अवजारं करणारे हात आधीपासून होते.