व्यसनी माणूस कायद्याच्या कोणत्या खान्यात?

७ एप्रिल २०१७ रोजी मानसिक आरोग्यसेवा कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. १९ एप्रिलला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा लागू झाला. दोन्हींत ‘मानसिक आजार’ या शब्दाची व्याख्या आहे आणि तिचा गाभा जवळजवळ शब्दशः एकच आहे: विचार, मनःस्थिती, भान, स्मृती यांत इतका मोठा बिघाड की रोजचं जगणं पेलवेनासं होतं. पण आरोग्यसेवा कायदा पुढे जाऊन दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही त्यात धरतो. दिव्यांग कायद्यात त्यांचं नावही नाही. ही तफावत मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिची मुळं जुनी आहेत.

इंग्रजांच्या १८५८ च्या आणि पुढे १९१२ च्या कायद्यांना मुख्य प्रश्न एकच होता, ‘वेड्या’ माणसाला ठेवायचं कुठे. हक्कांचा विचार त्यात जवळपास नव्हताच. १९१२ चा कायदा बदलायला १९८७ उजाडलं, आणि नवा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्षात यायला १९९३. त्यात व्यसनी रुग्णांसाठी वेगळी रुग्णालयं काढण्याची तरतूद होती. म्हणजे व्यसनाला आजारांच्या दालनात जागा मिळाली, पण वेगळ्या खोलीत.

दुसरीकडे तोच माणूस गुन्हेगारही होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू पिणं हा महाराष्ट्रात आजही गुन्हा आहे. आपल्या बोलण्यातली ‘परमिट रूम’ तिथूनच आली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने नुसत्या सेवनालाही शिक्षा ठेवली. मात्र त्याच कायद्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट देणारं ६४-अ कलम आहे. याच काळात, १९८६ मध्ये, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) विळख्यात सापडलेल्या पोरांना तिथे पेशंट म्हणून वागवलं जाऊ लागलं. मराठी घरांमध्ये ‘तो आजारी आहे’ हे वाक्य रुजायला अशा कामाचा मोठा हातभार लागला.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकारचं अपंगत्व मान्य केलं. मानसिक आजार त्यात सातवा. पण नोकरीतलं तीन टक्के आरक्षण अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग गटांत वाटलं गेलं, मानसिक आजाराच्या वाट्याला काहीच आलं नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी २००२ मध्ये ‘आयडियाज’ ही मोजपट्टी आली. स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम या चार बाबींवर ती गुण देई. ती लागू होती ती स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार) आणि स्मृतिभ्रंश यांना. व्यसनाधीनता तिथेही नव्हती.

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका खासगी निवासाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही, २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आज २०१७ च्या आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येत नाही. त्या व्यापक व्याख्येमुळे व्यसन सोडवायला आणलेल्या माणसालाही ही ढाल मिळते.

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार स्वीकारला आणि त्यातून २०१६ चा, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला दिव्यांग कायदा आला. आता २१ प्रकार, चार टक्के आरक्षण, आणि मानसिक आजाराला त्यात प्रथमच हिस्सा, तोही ऑटिझम, बौद्धिक अक्षमता वगैरेंसोबत मिळून एक टक्का. खरी ताकद मला डिसेंबर २०२१ च्या निकालात दिसते. ओसीडी आणि नैराश्य असलेल्या सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्यावर खातेनिहाय चौकशी सुरू होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, गैरवर्तनामागच्या कारणांत आजार हे एक कारण असलं तरी अशी चौकशी भेदभाव ठरायला ते पुरेसं आहे. ते एकमेव कारण असल्याचं सिद्ध करावं लागत नाही.

व्यसनाच्या बाबतीत हा युक्तिवाद उभा करायचा तर दिव्यांग कायद्याच्या व्याख्येत ती जागा आधी शोधावी लागते. व्यसनमुक्ती केंद्रातून महिन्याभराने कामावर परतणाऱ्याजवळ डिस्चार्ज कार्ड असतं. आरोग्यसेवा कायद्याच्या लेखी तो रुग्ण असतो. कार्यालयाच्या फाइलमध्ये मात्र तेच दिवस विनापरवाना गैरहजेरी म्हणून लागलेले असू शकतात.