हवाई अंतर आणि उड्डाणकाळ

पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले दोन शहरांमधले सर्वांत कमी अंतर म्हणजे हवाई अंतर. ते कापायला विमानाला लागणारा वेळ म्हणजे उड्डाणकाळ. अंतर कायम राहते, वेळ मात्र वारा, दिशा आणि देशादेशांतले संबंध यांप्रमाणे बदलतो. म्हणून किलोमीटरला वेगाने भागून आलेले उत्तर हा फक्त पहिला अंदाज समजावा.

पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून जाते. पृथ्वीचा केंद्रबिंदू हाच ज्याचा मध्य, ते बृहद्वृत्त. सपाट नकाशावर ही वाट कमानीसारखी वाकडी दिसते. फिनलंडची राजधानी हेलसिंकीहून टोकियो आग्नेयेला आहे असे नकाशा सुचवतो, पण जवळची वाट ईशान्येकडे निघते, आर्क्टिक वृत्त ओलांडते आणि सायबेरियावरून खाली उतरते. हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. जेट विमान ताशी साधारण ९०० किलोमीटरने उडते, म्हणजे प्रवास नऊ-साडेनऊ तासांचा.

याच दोन शहरांचा इतिहास पाहिला की वेळ कशी ठरते ते नीट कळते. १९८३ मध्ये फिनएअर या फिनलंडच्या विमान कंपनीने हेलसिंकी–टोकियो विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत हद्द टाळण्यासाठी विमान उत्तर ध्रुवावरून जाई आणि सुमारे तेरा तास लागत. पुढे सायबेरियाची वाट खुली झाली आणि वेळ उतरली. २०२२ मध्ये रशियाचे आकाश पुन्हा बंद झाले आणि प्रवास परत तेरा तासांच्या घरात गेला. शहरे जागची हलली नव्हती.

वाऱ्याचा परिणामही मोठा असतो. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम हा वेगवान वारा वाहतो आणि हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला जाताना लागणारा वेळ परतीच्या वेळेपेक्षा सहसा तासभर कमी असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच जोरदार वाऱ्यावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरवर गेला होता, पण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होते.

वेळापत्रकातली वेळ गेट सोडल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंत धरतात, त्यामुळे धावपट्टीपर्यंतची वाटचाल आणि रांगही तीत येते. तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक असतात. टोकियोचे घड्याळ हेलसिंकीच्या पुढे असते, हिवाळ्यात सात तास आणि उन्हाळ्यात सहा. हा फरक लक्षात न घेता हिशेब केला, तर जाताना प्रवास फार लांब आणि येताना फार छोटा वाटतो.

जगाच्या पाठीवर कोणतीही दोन ठिकाणे सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असू शकत नाहीत. सिंगापूर–न्यूयॉर्क ही आजची सर्वांत लांब विनाथांबा सेवांपैकी एक आहे. तिचे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर असून तिला अठरा तासांहून अधिक वेळ लागतो.